झोपेची वही, चालण्याची वही

प्रकल्प: झोप मोडलेली असताना व्यायाम कसा टिकवायचा. जागा: गिरगाव. मुदत: ६ जानेवारी ते ३० मार्च २०२५, बरोबर बारा आठवडे.

मी ४९ वर्षांची आहे. फोर्टातल्या एका विमा कार्यालयात हिशेबाचं काम करते. गेलं दीड वर्ष आठवड्यातल्या चार-पाच रात्री झोप मोडते. कधी लागतच नाही, कधी लागते आणि अंगातून वाफ आल्यासारखी दोन वाजता उडते. आठवड्याला निदान तीन रात्री आणि तेही तीन महिने असं चाललं, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. म्हणजे ती हद्द मी केव्हाच ओलांडली. ज्यांना हे माहीत आहे त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी जरा नीट करून इथे देते आहे.

६ जानेवारी, सोमवार

जुन्या लेजरच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले. अंथरुणावर कधी पडले, अंदाजे झोप कधी लागली, मध्ये किती वेळा उठले, अंथरूण कधी सोडलं, चहा किती आणि कधी, व्यायाम कोणता, किती मिनिटं. झोपेचे आकडे सकाळी अंदाजानेच लिहायचे, रात्री घड्याळ बघायचं नाही.

काल साडेदहाला पडले. गल्लीत दुधाचे क्रेट उतरले तेव्हा जागी होते, म्हणजे चार वाजून गेले असणार. त्याआधी तीन-सव्वातीन तास झोपले असेन.

सासूबाई म्हणतात, "अगं, अंग दमलं की डोळा लागतो." ऑफिसातल्या मैत्रिणी तेच सांगतात. मलाही आतून तेच खरं वाटतं. तेव्हा पहिले दोन आठवडे अंग दमवून बघायचं.

९ जानेवारी, गुरुवार

ऑफिसातून यायला सात, मग स्वयंपाक, जेवणं, भांडी. माझा असा वेळ रात्री साडेनऊलाच सुरू होतो. घरात उड्या मारता येत नाहीत, लाकडी तक्तपोशी आहे, खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर आवाज होतो. म्हणून गच्चीवर गेले. दोरीच्या उड्या ३००, बैठका ४०. घामाने न्हाऊन खाली आले, साडेदहाला आडवी झाले.

छातीतली धडधड उशीत ऐकू येत होती. अंग तापलेलं. दीडपर्यंत टक्क जागी.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी बांगड्याचं कालवण आणि भात. मग अडीच तास झोपले, इतकी गाढ की मुलाने दोनदा हाक मारली ती कळलीच नाही. रात्री त्याची पुरेपूर वसुली झाली. झोप ३ तास.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हळदीकुंकवाची तयारी, व्यायाम नाही. झोप साडेपाच तास. काहीच न करता.

१९ जानेवारी, रविवार

मुंबई मॅरेथॉन. काल रात्री जेमतेम तीन तास झोप झाली होती, तरी पहाटे उठून चौपाटीवर जाऊन उभी राहिले. माझ्या वयाच्या कितीतरी बायका पळताना दिसल्या. डोळे भरून आले. माझ्यात पळायची हौस अजून आहे, अंगात त्राण नाही एवढंच.

दोन आठवड्यांची बेरीज: रोज अंथरुणावर साडेसात तास, म्हणजे ४५० मिनिटं. झोप सरासरी २९० मिनिटं. टक्का ६४. व्यायामाचे दिवस आणि चांगल्या रात्री यांचा मेळ लागतो का म्हणून रकाने पुन्हा पुन्हा जुळवले. लागत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

घराजवळच्या एका जिममध्ये चौकशीला गेले. तिथला शिकवणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, झोप येत नाही म्हणजे व्यायाम कमी पडतोय." त्याचा हेतू चांगलाच असेल, पण ते वाक्य मनाला लागलं. झोप न येणाऱ्या माणसाला आपण आळशी आहोत अशी शंका आधीच कुरतडत असते. आता तिच्यावर शिक्कामोर्तब झालं.

२३ जानेवारी, गुरुवार

आजची नोंद नीट लिहायला हवी.

सलग दोन रात्री तीन-तीन तास झोप. तरी "कमी पडतोय" हे डोक्यात होतंच. सकाळी चौपाटीवरून सिरी रोडचा चढ झपाझप चढून गेले. एरवी त्या चढाला मी मध्ये थांबत नाही. आज तीनदा थांबले. पाय तेच, रस्ता तोच, पण चढ दुप्पट वाटत होता. उतरताना फुटपाथची कड दिसली नाही. दिसली असेलही, पाय वेळेवर उचलला गेला नाही. घोटा मुरगळला.

झोप कमी असली की तेवढ्याच श्रमाला जास्त दम लागल्यासारखं वाटतं, लक्ष आणि तोल दोन्ही ढिले होतात. हे मी आधी वाचलेलं होतं. अंगावर आलं तेव्हा पटलं.

यजमान मला डॉक्टरकडे घेऊन गेले. हाड शाबूत. आठवडाभर चालणं बंद.

२६ जानेवारी, रविवार

फिजिओथेरपी शिकणारी भाची पाय बघायला आली. मी वही दाखवली. तिने शांतपणे सगळी वाचली आणि म्हणाली, "मामी, तू रोज सकाळी कालच्या व्यायामाचा निकाल मागतेस. असा रोजचा निकाल लागत नाही."

तिने शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांचं काम सांगितलं, २०१३ साली छापून आलेलं. निद्रानाश असलेल्या ११ स्त्रिया, १६ आठवड्यांचा व्यायाम. त्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या तर ज्या दिवशी व्यायाम केला त्या रात्री झोप सुधारली असं दिसलं नाही. उलट बाजू मात्र दिसली. रात्री झोप लागायला वेळ लागला की दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी मिनिटांचा होई. आणि त्याच गटाच्या आधीच्या, २०१० सालच्या कामात १६ आठवडे नियमाने व्यायाम केलेल्यांची झोप सुधारलेली होती.

फक्त ११ जणी, हे मला कळतं. हिशेबातल्या माणसाला एवढा नमुना थोडाच वाटणार. पण माझ्या वहीत तेच तर लिहिलेलं आहे! संक्रांतीला काही न करता साडेपाच तास, गच्चीवर घाम गाळून तीन. आजच्या व्यायामाची मजुरी आजच मिळत नाही. ती काही महिन्यांनी, एकत्र मिळते. मी मात्र रोजंदारीवर असल्यासारखी रोज सकाळी हात पुढे करत होते, आणि रिकामा राहिला की दुसऱ्या दिवशी एकतर चिडून दुप्पट करत होते, नाहीतर काहीच करत नव्हते.

तेव्हा प्रश्नच बदलायला हवा. झोप येण्यासाठी किती व्यायाम करू, हे विचारायचं नाही. वाईट रात्रीनंतर किती करू, म्हणजे तो मोडणार नाही आणि मीही मोडणार नाही, हे ठरवायचं.

३० जानेवारी, गुरुवार

फॅमिली डॉक्टर. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर तपासायला दिली. घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, रात्री पाय वळवळतात का, हेही विचारलं. हे दीड वर्षापूर्वीच करायला हवं होतं. घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर त्याचा इलाज वेगळा, नुसतं चालून तो दोष जात नाही. पाळी जायच्या वयात अंगातून अशी वाफ येऊन झोप मोडणं होतंच, म्हणाल्या, त्यावरही पुढे बोलू. गोळी तूर्त नाही. ज्यांची चालू आहे त्यांनी ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही, हेही बजावलं.

मोठ्या रुग्णालयातल्या निद्रातज्ज्ञांची ८ तारखेची वेळ मिळाली.

२ फेब्रुवारी, रविवार

घोटा बरा. आज नियम लिहिले. आमच्या ऑफिसची भाषा वापरली आहे, मला तीच सोपी पडते.

पाच तासांच्या वर झोप झाली असेल तर पूर्ण हजेरी. घरातून निघून विल्सन कॉलेजसमोरून मरीन ड्राइव्हला लागायचं, ४० मिनिटं भरभर चालायचं. बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत वेग. आठवड्यातून दोनदा गॅलरीत भिंतीला हात टेकून दंड आणि खुर्चीवरून ऊठबस.

पाचच्या आत झोप झाली तर हाफ डे. सपाट रस्त्याने चौपाटीपर्यंत जाऊन परत, १५ मिनिटं, वेग हवा तो. चढ नाही, वजन नाही, उड्या नाहीत. पण मस्टरवर सही होणार. हाफ डे म्हणजे गैरहजेरी नव्हे, हे नियमाच्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

सलग दोन वाईट रात्री झाल्या तरी तिसऱ्या दिवशी "भरपाई" करायची नाही. अंगाला घाम फुटेल असं जे काही असेल ते संध्याकाळी सातच्या आत संपवायचं. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, आणि मी ते साडेनऊला चढवत होते. संध्याकाळचा व्यायाम मुळात वाईट नाही, अंथरुणाला टेकून असलेला जोराचा व्यायाम वाईट.

ऑफिसातला साडेचारचा चहा बंद, शेवटचा एक वाजता. दिवसभर जागं असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याचाच झोपेचा दाब तयार होतो. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, आणि शरीरातून अर्धं उतरायलाच त्याला साधारण पाच तास लागतात. साडेचारचा कडक चहा साडेनऊला निम्मा अंगात असतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

निद्रातज्ज्ञ. रक्ताचे अहवाल ठीक. माझी वही त्यांनी पानोपान बघितली, मला फार बरं वाटलं.

उपाय दोन. पहिला रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेला: अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, झोप आली की परत. दुसरा आर्थर स्पीलमन यांचा, १९८७ सालचा: जेवढी झोप खरंच होते जवळपास तेवढाच वेळ अंथरुणावर काढायचा. मला साडेपाच तास दिले, सव्वाबारा ते पावणेसहा. पाच तासांच्या खाली सहसा नेत नाहीत. आठवड्याचा टक्का ८५ च्या वर गेला की १५ मिनिटं वाढवायची.

हे ज्यांना स्वतः करून बघावंसं वाटेल त्यांना सांगते: फिट येणाऱ्यांनी, तीव्र मनःस्थितीचे चढउतार असणाऱ्यांनी, गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी डॉक्टरांशिवाय हे करू नये. सुरुवातीला दिवसा खरोखर डुलक्या येतात. मला दुचाकीला हात लावायचा नाही असं सांगितलं आहे.

"दुसऱ्या खोलीत" म्हटल्यावर मी गप्प झाले. आमच्या खोल्या दोनच. आतल्या खोलीत सासूबाईंची खाट, बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं. मी तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "गॅलरी आहे ना?"

पावणेसहा ही वेळ मी मागून घेतली. आमच्याकडे नळाला पाणी तेव्हा येतं. रविवार असो, सण असो, पाणी चुकत नाही, म्हणजे उठणंही चुकणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सव्वाबारापर्यंत जागं राहणं हेच कठीण. अकराला भाजी निवडत बसले. हे म्हणाले, "झोपेसाठी जागरण?" मी वही दाखवली. ते माझ्याबरोबर बारापर्यंत बसले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रात्री गॅलरीत स्टूल टाकून बसले. कठड्याला ओले टॉवेल, खाली गल्लीतला पिवळा दिवा. तीन नंबरचे आजोबा आरामखुर्चीत जागे होते. "काय गं, आजही?" एवढंच म्हणाले. त्यांनी छापखान्यात रात्रपाळी केलेली, तेव्हापासून त्यांची झोप अशीच. आम्ही फारसं बोललो नाही. मांडीवर जपमाळ घेऊन ते आपले बसलेले. वीसेक मिनिटांनी माझी मान कलायला लागली, उठून आत गेले.

दीड वर्ष मी या वेळेला काळोखात छताकडे बघत, सगळे झोपलेत आणि मी एकटी जागी, असा विचार करत पडून राहायचे. चाळीत एकटं कोणीच जागं नसतं, हे मला बाहेर येईपर्यंत कळलं नव्हतं.

सकाळी हाफ डे. १५ मिनिटं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आठवडा: ३३० पैकी २८० मिनिटं. टक्का ८५ च्या किंचित खाली, म्हणून वाढ नाही. हाफ डे ५, पूर्ण २, गैरहजर ०.

झोप एकूण आधीपेक्षा दहा मिनिटं कमीच. पण तुकडे कमी. आणि सातही दिवस चालले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी बिलांच्या आकड्यांवर डोळे मिटत होते. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन आझाद मैदानाच्या कडेने दहा मिनिटं चालून आले. डुलकी गेली. टेबलावर डोकं ठेवण्यापेक्षा हे बरं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

३३० पैकी २९५, टक्का ८९. पंधरा मिनिटं मिळाली, आता बाराला झोपायचं. पगारवाढीचं पत्र हातात आल्यासारखं वाटलं. हाफ डे ३, पूर्ण ४.

सकाळचं चालणं आता साडेसहाऐवजी सातला नेलं आहे. सूर्य सातनंतर वर येतो, आणि डोळ्यांवर पडलेला सकाळचा उजेड शरीरातल्या घड्याळाला किल्ली देतो. झोपेचा दाब आणि हे घड्याळ, अशी दोन अंगं स्वित्झर्लंडमधले संशोधक अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ साली जोडून मांडली. मी पहिल्या अंगामागेच लागले होते, अंग दमव, दाब वाढव. चालताना मिळणाऱ्या उजेडाचा विचारच केला नव्हता. तेवढ्यापुरतं तरी गच्चीवरच्या रात्रीच्या उड्यांपेक्षा मरीन ड्राइव्हवरची १५ मिनिटं मोलाची.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. बाबुलनाथाला रांगेत दोन तास उभी. फेब्रुवारी असून वैशाखासारखी काहिली. रात्री खोली तापलेलीच, पंखा गरम वारा फेकतो. झोप ४ तास.

३ मार्च, सोमवार

उकाड्याचा आठवडा: ३४५ पैकी २८०, टक्का ८१. वाढ नाही. हाफ डे ६.

जानेवारीतली मी या आठवड्यात वही फेकून दिली असती. सहा वेळा हाफ डेची सही केली, आणि ती करताना वाईट वाटलं नाही. झोपायच्या आधी थंड पाण्याने अंघोळ सुरू केली.

मनगटावरचं पट्ट्याचं घड्याळ मुलाला परत दिलं. ते सकाळी झोपेचे गुण दाखवायचं, आणि गुण कमी दिसले की बरी असलेली मीही थकून जायचे.

१० मार्च, सोमवार

३४५ पैकी ३०५, टक्का ८८. आता पावणेबारा. पूर्ण ५, हाफ डे २.

फोर्टातून संध्याकाळी धोबीतलावमार्गे चालत घरी येते आहे, आठवड्यातून दोनदा. साधारण ४० मिनिटं. ज्या दिवशी पाय जड वाटतात त्या दिवशी बस.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी, गल्लीत दीडपर्यंत ढोल. झोप साडेतीन तास. आज धुळवड, पुरणपोळी, दुपारी फक्त २० मिनिटं आडवी झाले, मुलाला उठवायला सांगून. संध्याकाळी चौपाटीपर्यंत १५ मिनिटं. रंगलेली पोरं समुद्रात हात-पाय धूत होती.

१७ मार्च, सोमवार

३६० पैकी ३००, टक्का ८३. वाढ नाही.

तीन नंबरचे आजोबा सकाळी जिन्याशी भेटले, टोपी घालून तयार. "तुझी ती अर्ध्या दिवसाची फेरी असेल तेव्हा मला हाक मार." आज माझा पूर्ण दिवस होता. तरी आधी त्यांच्याबरोबर चौपाटीपर्यंत गेले, त्यांना घरी सोडलं आणि मग माझं चालले.

२४ मार्च, सोमवार

३६० पैकी ३२५, टक्का ९०. आता साडेअकरा ते पावणेसहा.

सिरी रोडचा चढ दोन महिन्यांनी पुन्हा चढले, कारण काल रात्री पावणेसहा तास झोप झाली होती. एकदाच थांबले, तेही समुद्र बघायला.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून चालले, ढोल-ताशांच्या मागे, तीन तास तरी. मस्टरवर पूर्ण हजेरी लिहिली आहे.

शेवटचा आठवडा: ३७५ पैकी ३३५ मिनिटं, टक्का ८९. जानेवारीत साडेसात तास पडून ४ तास ५० मिनिटं झोप व्हायची, आता सव्वासहा तास पडून ५ तास ३५ मिनिटं होते. पाऊण तासाची वाढ. अंगातली वाफ अजून येते, दोनला जाग अजून येते. मंगळवारी चारच तास झोपले होते. यात चालण्याचा वाटा किती आणि अंथरुणाच्या वेळेचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही. पण २ फेब्रुवारीपासूनच्या ५७ दिवसांत गैरहजेरी एकही नाही.

बारा आठवड्यांची मुदत संपली, वहीची ११ पानं उरली आहेत. उद्या पावणेसहाला पाणी येईल. आजोबांना सातला हाक मारायची आहे.